रेइनोच्या कॅमेऱ्याचं कुलूप

१

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला त्याच दिवशी रेइनो कांगास मेला. स्वतःच्याच मचाणाखाली, छातीतून गोळी आरपार जाऊन. दुपारी तो जेवायला आला नाही म्हणून त्याचा जंगलातल्या शिकारी कॅम्पातला जोडीदार आर्वो शोधायला गेला, तर रेइनो बर्फात पालथा पडलेला. थर्मासमधली कॉफी अजून कोमट होती असं आर्वो भेटेल त्याला सांगत सुटला, जसा काही गुन्हा कॉफीवरच दाखल करायचा होता.

आमच्याकडे नोव्हेंबरात जंगलात गोळी लागून माणूस गेला, तर खून हा शब्द कोणाच्या तोंडी लवकर येत नाही. कोणाची तरी चुकार गोळी, म्हणतात. रेइनोच्या बहिणीचा, एल्माचा नवरा लेनर्ड काही वर्षांपूर्वी त्याच दलदलीच्या काठी असाच गेला होता. गोळी कोणाची ते कधीच कळलं नाही. चर्चमध्ये प्रार्थना झाली, तळघरात कॉफी आणि केक झाला, माणसं घरी गेली.

या वेळी मात्र आमच्या शेरीफला माणूस सापडला होता. एल्माचा मुलगा कर्टिस. त्याच्या बंदुकीतून एक गोळी उडाली होती आणि ती कशावर झाडली हे तो सांगायला तयार नव्हता. शिवाय ऑक्टोबरात दारूच्या गुत्त्याबाहेर त्यानं मामाची कॉलर धरलेली अर्ध्या गावानं पाहिली होती. मामाला आरपार गेलेली गोळी बर्फात कुठे गडप झाली देव जाणे. त्यामुळे ती कर्टिसची नव्हे असंही कोणी म्हणू शकत नव्हतं.

माझं नाव तायमी रुओना. शिकार खात्याची गणवेशातली नोकरी करून निवृत्त झाले, तोंडाने फटकळ आहे आणि गुडघे दुखतात. एल्मा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत घातलेली होती.

"तायमी, त्याला जन्मभर आत टाकतील गं," ती म्हणाली. "पोरगा तोंडच उघडत नाही. वकील म्हणतो, असाच गप्प बसला तर मी काय करू?"

"आत ये आधी. दार लाव, ऊब बाहेर चाललीय."

मी तिला बसवलं, कॉफी दिली. पेपरात आलं होतं तेवढंच मला माहीत होतं. मचाणाकडे जाणाऱ्या पायवाटेवर रेइनोनं झाडाला कॅमेरा बांधलेला होता. समोरून हरीण जावो की माणूस, तो आपोआप फोटो काढतो. पण त्यातलं कार्ड कुलूपबंद होतं, म्हणून त्या सकाळचा एकही फोटो नव्हता.

यात नवल काही नव्हतं. त्या कार्डाच्या कडेला नखाएवढं बटण असतं. ते खाली सरकवलं की कार्डाला कुलूप लागतं. मग त्यावर नवा फोटो बसत नाही आणि जुना पुसला जात नाही. रेइनो कार्ड बाहेर काढलं रे काढलं की कुलूप लावायचा, नातवंडांनी हात लावून मोठ्या नराचा फोटो घालवू नये म्हणून. आणि परत बसवताना कुलूप काढायला विसरायचा. या विसरभोळेपणावरून कॅम्पात त्याची दरवर्षी टिंगल व्हायची.

"आधी तो कॅमेरा बघते," मी म्हटलं.

"कॅमेऱ्याच्या नादी लागू नकोस. रिकाम्या कार्डातून काय निघणार? तू माणसांशी बोल. आर्वोशी बोल. त्या शेजारच्या ड्वेनशी बोल, हद्दीवरून त्याचं आणि रेइनोचं कायम वाजायचं. माझ्या पोरानं हे केलेलं नाही, तायमी. मी शपथ घेऊन सांगते."

ती शपथ खरी होती. ते पटलं म्हणून तर मी उठले.

२

शेरीफच्या ऑफिसातला ब्रेंट हुह्ता माझ्याच हाताखाली शिकारखात्यात शिकला आणि मग पगार बरा म्हणून पोलिसांत गेला. पोरगा चांगला आहे, फक्त वरून सांगितलं की विचार करायचा थांबतो.

"तायमीबाई, तुम्हाला इथे बघून शेरीफ माझी सालटी काढतील."

"मग दार लाव."

त्यानं कॅमेरा आणि कार्ड टेबलावर ठेवलं. बटण खाली होतं. कार्ड त्यानं कॅमेऱ्यात घालून दाखवलं, तर चिमुकल्या पडद्यावर अक्षरं आली, कार्ड कुलूपबंद आहे. पुढे ढिम्म.

"आणि आत काय आहे?"

"काही नाही. कोरं. संगणकावर लावून बघितलं." त्यानं खांदे उडवले. "म्हातारा विसरला. कर्टिसचं नशीब बघा, नेमका त्याच दिवशी. शेरीफ म्हणालेत, कुलूप काढून कार्ड दुरुस्त कर, चार फोटो काढून बघ आणि कॅमेरा ठीक होता असं कागदावर लिहून टाक. उद्या सकाळी तेच काम आहे."

मला काहीतरी खटकलं. काय ते सांगता आलं नसतं, बुटात खडा गेल्यासारखं नुसतं टोचत होतं. मी म्हटलं, मला कर्टिसला भेटू दे.

कर्टिस बाकावर बसला होता. बापासारखाच उंच, खांदे पाडून बसायची सवयही बापाचीच.

"गोळी कशावर झाडलीस?"

"मावशी, तू कशाला आलीस?"

"तुझी आई जेवत नाहीये म्हणून आले."

त्यानं मान खाली घातली. मचाण कुठे होतं हे मला माहीत होतं. त्याचं दलदलीच्या पलीकडे, मामाचं अलीकडे. मधली दलदल अजून गोठलेली नव्हती. पलीकडून एवढ्या लांब नेम लागणं कठीण, आणि मामापर्यंत जायचं तर लांब वळसा घालून कॅम्पाजवळून त्याच पायवाटेनं जायला हवं होतं.

"मामाची गोळी ऐकलीस का? म्हणजे त्याला लागलेली?"

"ऐकली."

"आणि मग तू झाडलीस."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"कर्टिस, आधी की नंतर?"

"आई कशी आहे ते सांग आणि जा," तो म्हणाला. "बाकी मला काही बोलायचं नाही. जे व्हायचं ते होऊ दे."

खोटं बोलणारी माणसं मी नोकरीत खूप पाहिली. ती बडबड करतात. हा पोरगा खोटं बोलत नव्हता, तो काहीतरी दोन्ही हातांनी झाकून बसला होता. आणि माणूस जीव पणाला लावून स्वतःची गोष्ट झाकत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

३

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ड्वेन लपॉइंटकडे गेले. तो गोठ्यातून बाहेर आला आणि मला बघून थुंकला.

"या, बेड्या आणल्यात का?"

"हद्दीवरून भांडण होतं तुमचं."

"होतं ना. बापाच्या वेळेपासून होतं. त्याशिवाय करमलं नसतं आम्हाला." त्याचे डोळे लाल होते. "आदल्या संध्याकाळी मी त्याच्याच सौनात बसलो होतो, तायमी. आम्ही चौघं, तो, मी, आर्वो आणि कर्टिस. मरणाची आग केली होती त्यानं. दरवर्षी बोलावतो. भांडायचं ते हंगाम संपल्यावर."

हे आमच्याकडे असंच आहे. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी कॅम्पातले सगळे पुरुष सौनात, म्हणजे लाकडं पेटवून तापवलेल्या वाफेच्या खोलीत, बसतात. एकदा आत गेलं की सगळे मिळूनच बाहेर येतात. मधूनच उठलं की वर्षभर बायकोच्या पदराखालचा म्हणून चिडवतात. त्या वेळात कॅम्पाला कुलूप नसतं, राखणही नसते.

तिथून मी कॅम्पावर आर्वोकडे गेले. तो एकटाच बसला होता, समोर दोन कप. चूक लक्षात आल्यावर त्यानं दुसरा कप बाजूला सारला.

"गुत्त्याबाहेर काय झालं होतं रे आर्वो? कर्टिसनं कॉलर का धरली?"

"मला अर्धंच ऐकू आलं. पोरगा म्हणत होता, तू तिला सांगितलंस तर याद राख. रेइनो रडत होता. म्हणत होता, सांगितल्याशिवाय मला मरता आलं नसतं."

"तिला म्हणजे कोणाला?"

"ते नाही विचारलं बाई मी. बाप्यानं रडायला सुरुवात केली की मी दुसरीकडे बघतो." त्यानं चुलीत लाकूड सारलं. "आदल्या दिवशी मात्र खुशीत होता गडी. दुपारी वाटेवर जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावरच फोटो बघून आला. एक शिंग तुटलेला भलामोठा नर आलाय म्हणे. सौनात तोच एक विषय. मी म्हटलं, आणि कुलूप? तर म्हणतो, या खेपेला कार्ड बाहेर काढलंच नाही, कुलूप लागेल कशाला."

"काय म्हणालास?"

"कार्ड काढलंच नाही म्हणाला."

मी उभी राहिले. गुडघा कळवळला तरी उभी राहिले. आदल्या दिवशी जे टोचत होतं ते आता समोर स्वच्छ दिसत होतं.

"आर्वो, कुलूप लावलेल्या कार्डावरचं काही पुसता येतं का?"

"नाही. म्हणून तर लावायचा."

"मग रेइनो कुलूप काढायला विसरला असता, तर त्या कार्डावर जुने फोटो असायला हवेत. तो नर असायला हवा. ते कार्ड कोरं आहे आर्वो. म्हणजे ते उघडं असताना कोणीतरी पुसलं आणि पुसून झाल्यावर कुलूप घातलं. घरात काही नसताना दाराला कुलूप घालून कोण जातं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "पण पुसायचं कशाला? नुसतं कुलूप घातलं असतं तरी कॅमेरा बंद पडला असता."

"कारण कॅमेऱ्यापर्यंत चालत जावं लागतं! जाणाऱ्याचा फोटो निघतोच. स्वतःचं तोंड आत ठेवून कोण कुलूप घालेल?"

आणि हे झालं रेइनो दुपारी तिथून परतल्यावर आणि पहाटे अंधारात मचाणावर जाण्याआधी. वाट कॅम्पाजवळून जाते, म्हणजे कोणी न बघता जायचं तर सौनाच्याच वेळी. चौघेही आत होते तेव्हा. कर्टिससुद्धा.

"तुम्ही बाहेर आलात तेव्हा कॅम्पात काय होतं?"

"काय असणार? टेबलावर मटण-बटाटा भरलेल्या पास्ट्या. टॉवेलात गुंडाळलेल्या, गरम. दरवर्षी येतात तशा."

त्या दरवर्षी कोण आणून ठेवतं हे मला विचारायची गरज नव्हती. रिकाम्या कार्डातून काय निघणार, असं ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती. पेपरात कुलूपबंद एवढंच छापलं होतं. कोरं हा शब्द मी त्यानंतर ब्रेंटच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आपण आज घरी बसलो असतो तर बरं झालं असतं. मग मला आठवलं की ब्रेंट सकाळी ते कार्ड दुरुस्त करणार होता.

४

फोन वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. रस्ता काचेसारखा झाला होता आणि मी माझ्या वयाला न शोभेलशी गाडी हाणली.

दार ढकललं तेव्हा ब्रेंट टेबलाशी उभा होता. बटण त्यानं वर सरकवलं होतं आणि कार्ड कॅमेऱ्याच्या खाचेत अर्धं आत गेलं होतं.

"हात काढ!" मी ओरडले. "ब्रेंट, तुझ्या आईची शप्पथ आहे, हात काढ!"

तो दचकून मागे झाला. मी कार्ड ओढून घेतलं आणि बटण परत खाली केलं.

"एकही फोटो काढलास?"

"अजून नाही. पण झालं काय? नुसतं तर दुरुस्त करत होतो."

"त्या दुरुस्तीनं एक पोरगा तुरुंगात सडला असता. बस खाली, ऐक."

मी त्याला सांगितलं ते असं. कॅमेऱ्यात सगळं पुसा म्हटलं की फोटो जात नाहीत, फक्त त्यांची नावं जातात. खाली ते तसेच पडून असतात, वर नवे फोटो येऊन बसेपर्यंत. ज्यानं पुसलं त्यानं लगेच कुलूप घातलं, म्हणून या कार्डावर त्यानंतर काहीच बसलेलं नाही. कॅमेरा आंधळा व्हावा म्हणून घातलेल्या कुलपानंच आतलं सगळं राखून ठेवलं होतं.

ब्रेंटचा चेहरा उतरला. त्याच्या संगणकावर पुसलेले फोटो वर काढायचा प्रोग्राम होता. कार्ड कुलूपबंदच ठेवून त्यानं तो चालवला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. मी देवाला मागत होते, आणि काय मागत होते ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

हरणी आली. तिची पाडसं आली. कोल्हा आला. तुटक्या शिंगाचा नर आला, खरोखर भलामोठा. मग रेइनो आला, भिंगाला नाक लावून, पडद्यावर आपला नर बघून हसणारा. दुसऱ्या दिवशी मरणार होता माणूस.

त्यानंतर उजेड गेलेला करडा फोटो. वाटेवरून कोणीतरी येतंय, अंगात जाड कोट, डोक्यावर लोकरीची टोपी. पुढच्या फोटोत ते जवळ आलं. शेवटच्या फोटोत सगळ्या चौकटीभर फक्त तोंड.

ब्रेंटनं खुर्ची मागे सारली. "ही तर..."

"हो," मी म्हटलं. "तिला मीच आणते. तू मागून ये. भोंगा वाजवू नकोस."

५

एल्मा ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती. माझं तोंड बघितलं आणि तिनं फडकं ठेवलं.

"निघालं त्यातून काही?"

"निघालं."

"पुसलं होतं गं मी."

"माहीत आहे."

ती बसली. रडली नाही. मला वाटतं, रडून झालं होतं तिचं.

"सप्टेंबरात रेइनो आला होता," ती म्हणाली. "या खुर्चीवर बसला. डॉक्टरनं छातीत काहीतरी दाखवलं होतं, म्हणून त्याला मरायच्या आत हलकं व्हायचं होतं. म्हणाला, लेनर्डला माझी गोळी लागली. झुडूप हललं आणि मी झाडली. मी म्हटलं, चुकून झालं, रेइनो. मी माफसुद्धा करणार होते, तायमी. हात पुढे केला होता मी. तर म्हणाला, तो जिवंत होता. हात वर करून बोलावत होता. मी घाबरलो आणि कॅम्पात परत आलो."

बाहेर ब्रेंटची गाडी येऊन थांबली. तिनं तिकडे बघितलंही नाही.

"परत आला आणि सूप प्यायला. संध्याकाळी सगळ्यांबरोबर कंदील घेऊन शोधायला निघाला. मला मिठी मारून रडला. इतकी वर्षं दर नाताळला माझ्या टेबलावर जेवला. त्याला हलकं व्हायचं होतं ना? सगळा दगड उचलून माझ्या उरावर ठेवला आणि शिट्टी वाजवत घरी गेला."

"मग तू ठरवलंस."

"ज्या चुकार गोळीच्या नावानं तो झाकला गेला, त्याच नावानं मीही झाकली जाईन असं ठरवलं. हंगाम आहे, गोळ्या उडतात. कार्ड काढून नेलं असतं तर कोणीतरी नेलं म्हणाले असते. कुलूप घातलं की रेइनो विसरला. मी सगळा विचार केला होता." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "कर्टिसचाच नाही केला. उजाडल्यावर त्यानं दलदलीपलीकडून मला पाहिलं. शिकारीच्या नारिंगी कोटात सगळे सारखे दिसतात, पण आईची चाल पोराला कळते. आणि त्यानं आकाशात एक गोळी झाडली, आपली बंदूक काळी करायला, संशय स्वतःवर ओढून घ्यायला. का, ते मला त्याला पकडलं त्याच दिवशी कळलं."

"आणि तरी तू माझ्याकडे आलीस? सरळ शेरीफकडे जायचं होतं ना एल्मा! तुझं पोर आत बसलंय!"

मी ओरडत होते. मला तिचा राग आला होता आणि तिला जवळही घ्यायचं होतं.

"वाटलं, तू हुशार आहेस, त्याला सोडवशील आणि माझ्यापर्यंत येणार नाहीस," ती म्हणाली. "मला जगायचं होतं गं. त्यात काही मोठं कारण नाही. खटला उभा राहिला असता तर मी बोलले असते. बोलले असते ना? तुला काय वाटतं?"

मी तिला हात देऊन उठवलं. कोट घालायला मदत केली आणि या खेपेला बटणं मीच लावली.

शेरीफच्या ऑफिसात तिचा जबाब व्हायला वेळ लागला. कर्टिसला सोडायचे कागद त्याच टेबलावर, त्याच पेनानं झाले. तो बाहेर आला तेव्हा त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा रंग उडाला.

"मामानं तिला सांगितलं होतं?" त्यानं विचारलं.

"सप्टेंबरातच. तुझ्या आधी."

"मी तर त्याच्या पाया पडलो होतो. तिला कळू देऊ नकोस म्हणून. आधी कॉलर धरली, मग पाया पडलो." तो भिंतीला टेकला. "तो म्हणाला, बरं, नाही सांगत. सांगून बसला होता आणि मला म्हणाला नाही सांगत."

आतल्या खोलीचं दार लागलेलं होतं. नियमानं त्याला आत जाता येत नव्हतं. ब्रेंटनं माझ्याकडे बघितलं, मग किल्ली काढली आणि दार उघडून स्वतः बाहेरच उभा राहिला. वरून कोणी न सांगता केलेलं त्याचं हे मी पाहिलेलं पहिलं काम.

एल्मा बाकावर बसली होती. कर्टिस तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"काही खाल्लंस का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.